धूर नाकात, साखर रक्तात

मधुमेहावरच्या मागच्या लेखात जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं : "शहरातली हवाही साखर वाढवते." लेखात बाकी बरंच काही होतं, पण पत्रं आली ती या एका वाक्यावर. काहींना ते पटलं नाही, काहींना जरा जास्तच पटलं. त्यातले काही प्रश्न आज घेतो.

वय ३९, वजन ६२ किलो. घरात कोणाला मधुमेह नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा. तरी ऑफिसच्या तपासणीत एचबीए१सी ६.१ आलं. आमची इमारत हायवेला लागून आहे. हे हवेमुळे असेल का? (चेंबूर)

तुमच्या एकट्याच्या बाबतीत 'हवेमुळेच' असं छातीठोकपणे कोणीच सांगू शकणार नाही. पण तुमचा संशय खुळा नाही.

आधी आकडा समजून घ्या. एचबीए१सी म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी. ती ५.७ ते ६.४ टक्के असली तर तो उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. तुम्ही उंबरठ्यावर आहात, अजून आत गेलेला नाही.

आता हवा. पीएम २.५ म्हणतात ते कण इतके बारीक, की माणसाच्या एका केसाच्या जाडीत पंचवीस-तीस शेजारी शेजारी मावतील. जाड धूळ नाकात नाहीतर घशात अडकते, शिंकेतून, खाकरून निघून जाते. हे कण थेट फुप्फुसाच्या तळाशी, वायुकोशांत उतरतात. तिथल्या पहारेकरी पेशी त्यांना गिळतात, पण काजळी काही पचत नाही. मग त्या पेशी धोक्याची रसायनं रक्तात सोडत राहतात आणि अंगभर मंद दाह सुरू होतो. ताप नाही, दुखणं नाही, कळतही नाही. या दाहात यकृत, स्नायू आणि चरबीच्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतून काही वर्षं निभावून नेतं, मग थकतं. शिवाय धुराने फुप्फुसातले मज्जातंतू चाळवले जातात, शरीर संकटात असल्यासारखं वागू लागतं. आणि संकटात यकृत रक्तात साखर सोडतं.

हे नुसतं कागदावरचं नाही. दिल्ली आणि चेन्नईतल्या १२,००० हून अधिक लोकांवर २०१० पासून सात वर्षं लक्ष ठेवलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. हवेतल्या या कणांची वर्षाची सरासरी दर घनमीटरला १० मायक्रोग्रॅमनी वाढली, की नव्याने मधुमेह होण्याची शक्यता २२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. याचा अर्थ शंभरातल्या बावीस जणांना मधुमेह होतो असा नाही. जिथे शंभरात दहा जणांना होणार होता तिथे बारा जणांना होतो, असा आहे. एका माणसासाठी फरक लहान, शहरासाठी प्रचंड. आणि १० मायक्रोग्रॅम म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटनेची वर्षाची मर्यादाच ५ आहे. आपल्या देशाने स्वतःला ४० ची मुभा दिली आहे.

एक गोष्ट मात्र हवेवर ढकलू नका. ६२ किलो वजन म्हणजे चरबी कमी, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या कामातून दाखवलं, की भारतीय माणूस दिसायला बारीक असतो पण पोटाच्या आत चरबी बाळगून असतो. टेप घेऊन कंबर मोजा. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर असेल तर वजनाच्या काट्याचं ऐकू नका. हिमोग्लोबिनही तपासा, कारण लोह कमी असलं की एचबीए१सी खोटंच वर दिसू शकतं. मग तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. तोवर हायवेकडच्या खिडक्या रहदारीच्या वेळी बंद, दुपारी उघड्या.

मी शाळेत संस्कृत शिकवते. हल्ली प्रत्येक आधुनिक गोष्ट 'आयुर्वेदात आधीच होती' असं सांगतात. प्रदूषणाने मधुमेह होतो, हे खरंच ग्रंथांत आहे का? (नाशिक)

नाही. बाई, तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्टच सांगतो. प्रमेहाची (आयुर्वेदात मधुमेह ज्या रोगगटात येतो त्याची) कारणं चरकाने एका श्लोकात बांधली आहेत, "आस्यासुखं स्वप्नसुखं दधीनि" ने सुरू होणाऱ्या. बसून राहण्याचं सुख, झोपण्याचं सुख, दही, मांसरस, दूध, नवं धान्य, गुळाचे पदार्थ. त्यात धूर नाही.

पण दोन वेगळ्या जागा आहेत, आणि त्या मला कोणत्याही ओढूनताणून लावलेल्या अर्थापेक्षा मोलाच्या वाटतात. पहिली चरकसंहितेच्या विमानस्थान या भागात, तिसऱ्या अध्यायात. गंगेच्या काठी गुरू आत्रेय शिष्य अग्निवेशाला सांगतात, की माणसांच्या प्रकृती वेगवेगळ्या, आहार वेगळा, तरी सगळे एकदम आजारी पडतात, कारण हवा, पाणी, जमीन आणि ऋतू हे चार सगळ्यांचे सामाईक असतात. बिघडलेल्या हवेची लक्षणं देताना ते 'अतिस्तिमित' म्हणजे अजिबात न हलणारी, आणि बाष्प, वाळू, धूळ, धूर यांनी 'उपहत' झालेली असे शब्द वापरतात. डिसेंबरातल्या पहाटे गोदाकाठावर उभ्या राहा, दोन्ही शब्द डोळ्यांसमोर दिसतील. पुढे हवा का बिघडते याचं उत्तर आहे अधर्म. आणि त्याची सुरुवात देश, नगर, निगम यांच्या प्रमुखांपासून होते, असं आचार्य लिहून गेले आहेत. हा भाग व्याख्यानांत फारसा ऐकू येत नाही.

दुसरी जागा सुश्रुताच्या कल्पस्थानातली, म्हणजे त्याच्या ग्रंथातल्या विषांवरच्या भागातली, दूषीविषाची. जे विष कमजोर असल्यामुळे मारत नाही, कफाने झाकलं जाऊन वर्षानुवर्षं शरीरात राहतं आणि दिवसा झोपणं, अहितकर खाणं असं निमित्त मिळालं की धातू, म्हणजे शरीरातले रक्त-मांसासारखे घटक, बिघडवतं, ते दूषीविष. सुश्रुताला डिझेल ठाऊक नव्हतं. पण थोडं थोडं, रोज, न कळत आणि इतर चुकांच्या जोडीने, ही चाल ओळखायला तो शब्द मला उपयोगी पडतो. पुरावा म्हणून नव्हे, विचार करायची पद्धत म्हणून.

ट्रॅफिकला आहे. आठ-आठ तास चौकात उभा. सहा वर्षं शुगर आहे, गोळ्या चालू. आमच्यातले जुने लोक ड्यूटी संपली की गुळाचा खडा खायला सांगतात, धूळ निघून जाते म्हणतात. खाऊ का? (पुणे)

साहेब, खाऊ नका.

गिरणीत, सिमेंटच्या कामावर गूळ वाटायची पद्धत जुनी आहे आणि ती अगदीच निराधार नाही. लखनौच्या शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये उंदरांवर प्रयोग केला होता. गूळ दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसांतून धुळीचे कण जास्त बाहेर पडलेले दिसले. पण ते उंदीर होते, आणि त्यांना मधुमेह नव्हता. वरच्या चरकाच्या श्लोकात 'गुडवैकृत', म्हणजे गुळाचे पदार्थ, हे प्रमेहाचं कारण म्हणून नावानिशी आलं आहे. गूळ म्हणजे साखरच, थोडी सावळी.

घसा खवखवतो त्यासाठी घरी आल्यावर कोमट पाण्यात हळद-मीठ घालून गुळण्या करा. नाकात रात्री तिळाच्या तेलाचं किंवा तुपाचं बोट फिरवा. सर्दी असेल त्या दिवशी नको. याने कोरडेपणा आणि जाड धूळ यांना आराम पडतो. पीएम २.५ मात्र तेलाच्या बोटाला भीक घालत नाही, त्याला एन-९५ मास्कच लागतो, आणि तोही नाकावर घट्ट बसलेला. रुमाल बांधणं म्हणजे मनाचं समाधान. उन्हात दिवसभर मास्क सोसत नाही हे मलाही कळतं. निदान सिग्नलजवळ बस-ट्रक खोळंबतात तेव्हा तरी लावा. आणि आठ तास उभं राहणं हा व्यायाम नव्हे. चालणं वेगळं करावंच लागेल.

रोज सकाळी साडेपाचला चालायला जातो, नंतर मैदानातच प्राणायाम. घरी संध्याकाळी गुग्गुळ-कापराचा धूप, हवा शुद्ध व्हावी म्हणून. एवढं करून साखर हलत नाही. (ठाणे)

काका, हेतू उत्तम, पण घड्याळ चुकतंय. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी येते. रात्रभराचा धूर त्या झाकणाखाली कोंडलेला असतो. ऊन तापल्यावर झाकण उघडतं. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहाटेची 'ताजी' हवा बहुधा दिवसातली सगळ्यात शिळी असते. थंडीत साडेनऊनंतर किंवा दुपारी चारच्या सुमाराला निघा. पुण्याच्या हवामान संस्थेच्या 'सफर' सेवेवर मुंबई परिसराचा हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक रोज मिळतो. तो २०० च्या पुढे असेल त्या दिवशी घरातच सूर्यनमस्कार, जिना, नाहीतर दिवाणखान्यात फेऱ्या. भस्त्रिका-कपालभाती तर अशा दिवशी बाहेर मुळीच नको, खोल श्वासाबरोबर कणही खोल जातात.

चालणं थांबवू नका, एवढं मात्र पक्कं. निर्धन प्रमेही माणसाला सुश्रुताने अनवाणी, बिनछत्रीचं, भिक्षा मागत शंभर योजनं चालायला सांगितलं आहे. दुसऱ्या एकाला विहीर खणायला लावली आहे! तुमच्यावर तेवढी वेळ आलेली नाही.

धुपाबद्दल थोडं कडू. गुग्गुळाचा असो, कापराचा असो की उदबत्तीचा, धूर हा धूरच. बंद फ्लॅटमध्ये तो तासन् तास रेंगाळतो. ग्रंथांतलं धूपन, म्हणजे धुरी देणं, बाळंतिणीची खोली, जखमा यांसारख्या ठरावीक कामांसाठी आहे, दोन खोल्यांच्या घरात रोजच्या रोज करायला नव्हे. देवापुढे तुपाचं निरांजन ठेवा, तेही खिडकी उघडून.

फोनवर जाहिरात पाहून 'फुप्फुसं आणि स्वादुपिंड डिटॉक्स' चूर्ण मागवलं. घेऊ का? (कोल्हापूर)

डब्यावर घटक लिहिलेत का? नसतील तर फेकून द्या. लिहिले असतील तर मला कळवा. वायुकोशातली काजळी धुऊन काढणारं चूर्ण मला माहीत नाही. हळद-आवळ्याला वाग्भट या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथकाराने प्रमेहात अग्रस्थान दिलं आहे आणि मीही ते देतो, पण चालू गोळ्यांना जोड म्हणून, साखर मोजत. कारण साखर खाली घसरूही शकते. गुळवेलही मनाने महिनोन् महिने घेऊ नका. कोविडच्या काळात ती घेतलेल्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत. त्यावर वाद झाला, पण माझ्या रुग्णांना मी तपासणीशिवाय देत नाही.

वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी भुकटी बसते. आईला मधुमेह, मला पाचवा महिना लागलाय. तुम्ही हवा बदला म्हणाल, पण घर सोडून जाणार कुठे? (चंद्रपूर)

ताई, चरकानेही तेच सांगितलं आहे, "हितं जनपदानां च शिवानाम् उपसेवनम्", चांगल्या प्रदेशात जाऊन राहा. ज्याला जाता येतं त्याच्यासाठी ते ठीक. तुम्हाला मी तसं सांगणार नाही.

दूषित हवा आणि गर्भारपणातला मधुमेह यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, आणि तुमच्या आईलाही मधुमेह आहे. म्हणून ग्लुकोज पाजून करायची तपासणी आधी झाली असली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायची, म्हणजे साधारण दीड-दोन महिन्यांनी. ती चुकवू नका. कपडे आत वाळवा. कोरडा झाडू बंद, ओल्या फडक्याने पुसा, आणि ते काम सध्या घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी करू द्या. घरात चूल किंवा शेगडी पेटत असेल तर तिथून तुम्ही आणि आई दोघीही लांब. जेवणात ज्वारीची भाकरी, मूग, पडवळ, दोडकं, रोज एक आवळा. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्यात तशाच. आईची साखर थंडीच्या महिन्यांत वर जाते का, ते वहीत लिहून ठेवा. आणि ती काळी भुकटी पांढऱ्या कापडावर टिपून, तारीख घालून, फोटोसह प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या. पोच घ्यायला विसरू नका.