१९११ घेताना आणि सांभाळताना: वाचकांची प्रश्नोत्तरे

शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांची ही पिस्तुलाची रचना अमेरिकी लष्कराने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारली आणि तेच साल पिस्तुलाचे नाव झाले. १९८५ मध्ये लष्कराने तिच्या जागी नऊ मिलिमीटरचे पिस्तूल निवडले, तरी ही रचना कारखान्यांतून बाद झाली नाही. या वेळच्या प्रश्नांत नाव बहुतेकदा पिस्तुलाचे घेतले आहे, पण बिघाड मॅगझिन (काडतुसांचा सुटा डबा), एक्स्ट्रॅक्टर (रिकामी पुंगळी चेंबरमधून ओढणारा आकडा) किंवा स्प्रिंग या तीन स्वस्त भागांपैकी एखाद्याचा आहे.

आधी एक खुलासा. खाली जिथे ‘रिकामे पिस्तूल’ म्हटले आहे, तिथे अर्थ एकच: मॅगझिन बाहेर काढले, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढली, चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी पाहिले, बोटानेही चाचपले आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवली.

प्रश्न: पहिलेच १९११ घेतो आहे. नळी पाच इंची, सव्वाचार इंची की साडेतीन इंची? लहान बरे वाटते, हलके असते.

पाच इंची घ्या, पोलादी फ्रेमचे. मूळ रचना याच लांबीची आहे. स्लाइडचे वजन, तिचा मागे जाण्याचा पल्ला, नळी किती झुकते आणि मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढचे काडतूस वर आणायला किती वेळ मिळतो, ही सगळी गणिते या लांबीवर बसवलेली आहेत. नळी आखूड केली की स्लाइड हलकी होते आणि तिचा पल्लाही घटतो. तो वेग आवरायला रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला परत पुढे आणणारी) कडक लागते: .४५ मध्ये (सुमारे ०.४५ इंच जाडीच्या गोळीचे काडतूस) पाच इंचीला १६ पौंडांची, सव्वाचार इंचीला साधारण १८, तर साडेतीन इंचीला २० च्या वर. कडक स्प्रिंग स्लाइडला झपकन पुढे आणते आणि मॅगझिनची धांदल उडते. म्हणून सर्वांत छोटे मॉडेल सर्वांत जास्त रुसते. नवख्याने नेमके तेच उचलावे, हा दुकानातला नेहमीचा प्रकार.

वजनाचा मुद्दा खरा आहे. पोलादी पाच इंची रिकामे असतानाच सुमारे १.१ किलो भरते. पण गोळी सुटताना तेच वजन झटका गिळते. रोज अंगावर बाळगायचे असेल तर अॅल्युमिनियम फ्रेमचे सव्वाचार इंची हा शहाणा मध्य आहे. ते घेताना नळीच्या तोंडाशी सुटे बुशिंग (नळीला धरणारे कडे) आहे की जाड तोंडाची बुशिंगविना नळी आहे, ते पाहून घ्या. दोन्हींची खोलण्याची रीत वेगळी असते.

दुकानात रिकामे पिस्तूल हातात आल्यावर नक्षीकाम नंतर पाहा. आधी स्लाइड हळूहळू मागे-पुढे करा. अडखळ एकाच ठिकाणी लागत असेल तर तिथे काहीतरी घासते आहे. स्लाइड बंद असताना नळीचा मागचा भाग वरून अंगठ्याने दाबा. तो खाली लवला तर नळी नीट लॉक होत नाही. थम्ब सेफ्टी (अंगठ्याने चालणारी खीळ) ‘टक’ असा स्पष्ट आवाज करून वर-खाली व्हायला हवी. ढिली, मऊसर सरकणारी सेफ्टी नको.

प्रश्न: .४५ घ्यावे की ९ मिमी?

तुमच्या कायद्याने आणि परवान्याने कोणते बाळगता येते, ते आधी पाहा. त्यावरच बऱ्याच जणांचा प्रश्न मिटतो. दोन्ही चालत असतील आणि सराव भरपूर करायचा असेल तर ९ मिमी. जड पिस्तुलात त्याचा झटका अगदी सौम्य लागतो. फक्त एक ध्यानात ठेवा: फ्रेममधली मॅगझिनची जागा .४५ च्या लांब काडतुसासाठी आखलेली आहे आणि ९ मिमीचे काडतूस आखूड. ती फट मॅगझिनच्या आत मागे पट्टी घालून किंवा दुमड देऊन भरलेली असते. त्यामुळे ९ मिमीत मॅगझिनची निवड आणखी नाजूक होते. रिकॉइल स्प्रिंगही १२ ते १४ पौंडांचीच लागते.

.४५ मध्ये २३० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) गोल नाकाची, पूर्ण धातूचे कवच असलेली गोळी हे या यंत्राचे मूळ खाणे. नवीन पिस्तुलाची परीक्षा त्याच गोळीवर घ्या. पोकळ टोकाच्या गोळ्या नंतर.

प्रश्न: हॅमर (घोडा) मागे ताणलेला आणि सेफ्टी वर, अशा अवस्थेत पिस्तूल पाहिले की धडकी भरते. हे सुरक्षित असते का? की हॅमर हळूच खाली आणून ठेवावा?

दिसायला भयंकर, पण ही अवस्था रचनेत धरलेलीच आहे. थम्ब सेफ्टी वर असताना ती सिअरला (ताणलेला हॅमर अडवून धरणाऱ्या तुकड्याला) हलू देत नाही. मुठीमागची ग्रिप सेफ्टी दाबलेली नसेल तर ट्रिगर मागे येत नाही. भरलेल्या चेंबरवर अंगठ्याने हॅमर खाली आणणे मात्र खरोखरच धोक्याचे. ते करायला ट्रिगर ओढावाच लागतो, आणि घामट अंगठा निसटला की गोळी सुटलीच. हॅमरची अर्धी खाचही मुक्कामाची जागा नव्हे. ती हॅमर निसटला तर अडवण्यासाठी आहे. घरात ठेवायचे असेल तर चेंबर रिकामे ठेवा, प्रश्नच उरत नाही.

कोल्टच्या ‘सीरिज ७०’ आणि ‘सीरिज ८०’ या पद्धतींतला फरकही इथेच येतो. जुन्या ‘७०’ पद्धतीत फायरिंग पिनला (काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या सुईला) फक्त तिची स्प्रिंग मागे धरते. पिस्तूल उंचावरून तोंडावर पडले आणि ती स्प्रिंग मेलेली असेल, तर पिन स्वतःच्या वजनाने पुढे जाऊ शकते. कोल्टने १९८३ पासून ‘८०’ मध्ये पिनच्या वाटेत एक खुंटी घातली. ट्रिगर पूर्ण ओढल्यावरच ती उचलली जाते. काही उत्पादकांची खुंटी ग्रिप सेफ्टीने उचलली जाते. अशा पिस्तुलाची स्लाइड फ्रेमवर चढवताना किंवा उतरवताना ग्रिप सेफ्टी दाबू नका, आतला दांडा वाकतो किंवा तुटतो. ‘७०’ पद्धतीचे असेल तर फायरिंग पिनची स्प्रिंग वेळेवर बदला.

महिन्यातून एकदा रिकाम्या पिस्तुलावर चाचण्या करा. हॅमर ताणा, सेफ्टी वर, मूठ घट्ट धरून ट्रिगर जोरात ओढा, मग सोडा. आता सेफ्टी खाली करा. हॅमर पडता कामा नये. पुढची पायरी बहुतेक जण गाळतात: हॅमर कानाजवळ आणून अंगठ्याने केसभर आणखी मागे ओढा. बारीक ‘टिक’ ऐकू आली तर समजा, सेफ्टी वर असतानाही सिअर थोडा सरकला होता आणि आता जागेवर बसला. ते पिस्तूल कारागिराकडे गेलेच पाहिजे. दुसरी चाचणी: हॅमर ताणा, ग्रिप सेफ्टी न दाबता दोन बोटांत मूठ धरा आणि ट्रिगर ओढा. काहीही घडू नये. तिसरी: स्लाइड सहा-सात मिलिमीटर मागे धरून ट्रिगर ओढा आणि ओढलेलाच ठेवून स्लाइड पुढे न्या. हॅमर ताणलेलाच राहिला तर डिस्कनेक्टर (स्लाइड पूर्ण बंद नसताना ट्रिगर आणि सिअर यांचा संबंध तोडणारा भाग) ठीक.

प्रश्न: दर दोन-तीन मॅगझिनांमागे एक काडतूस अर्ध्यात अडकते. ओळखीच्या कारागिराने रॅम्प (काडतूस ज्यावरून चेंबरमध्ये चढते तो उतार) घासून चकचकीत करायचा सल्ला दिला आहे. करू का?

नको. घासून काढलेले पोलाद परत चढवता येत नाही. नळीचा रॅम्प मागे खोदला गेला तर चेंबरमध्ये पुंगळीच्या बुडाला खालून आधार उरत नाही आणि ती फुगते, कधी फाटते. आधी काडतूस कसे अडकले ते पाहा.

गोळीचे नाक खाली, फ्रेमच्या रॅम्पवर टेकून थांबले असेल तर मॅगझिनची स्प्रिंग दमली आहे किंवा फॉलोअर (मॅगझिनमध्ये काडतुसांना खालून वर ढकलणारी पट्टी) पुढे झुकतो आहे. फक्त शेवटचे काडतूस उडी मारून तिरके पडत असेल तरी आरोपी मॅगझिनच. मूळ फॉलोअरवर एक छोटा उंचवटा असतो. शेवटचे काडतूस स्लाइडच्या धक्क्याने पुढे निसटू नये म्हणून तो दिलेला आहे. सपाट फॉलोअर आणि मऊ स्प्रिंग एकत्र आले की ते निसटते. प्रत्येक मॅगझिनच्या तळावर रंगाने आकडा टाका आणि अडकले की आकडा लिहून ठेवा. शंभर गोळ्यांत चित्र स्पष्ट होते. सगळे अपघात ‘३’ वरच येत असतील, तर तिसऱ्याची स्प्रिंग बदला किंवा ते फेकून द्या. मॅगझिन ही झिजणारीच वस्तू आहे, तिच्यात जीव अडकवू नये.

सगळ्या मॅगझिनांत अडकत असेल आणि गोळीचे नाक वर चेंबरच्या छताला, पुंगळीचा मधला भाग नळीच्या रॅम्पला आणि बूड स्लाइडला, असे तीन ठिकाणी टेकून काडतूस कोंडले असेल, तर एक्स्ट्रॅक्टर तपासा. या पिस्तुलात काडतुसाचे बूड खालून सरकत एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली शिरते. ताण जास्त असेल तर ते शिरायला अडते, कमी असेल तर रिकामी पुंगळी ओढली जात नाही. चाचणी सोपी आहे. स्लाइड फ्रेमवरून उतरवा, नळी बाजूला ठेवा. दारू-प्रायमर नसलेले नकली काडतूस आकड्याखाली सरकवा. स्लाइड आडवी धरून हलकेच हलवा. काडतूस टिकले पाहिजे, पण सरकवताना अंगठ्याचा फार जोर लागता कामा नये. ताण कमी-जास्त असेल तर एक्स्ट्रॅक्टर काढून केसभर वाकवून दुरुस्त होतो. एक्स्ट्रॅक्टर स्वतःभोवती किंचित फिरत असेल तर मागची फायरिंग पिन स्टॉपची पट्टी सैल आहे. ती नीट बसणारी घातल्याशिवाय ताण टिकणार नाही.

ताण बिघडतो तो बहुधा आपल्याच सवयीने. सुटे काडतूस हाताने चेंबरमध्ये टाकून वर स्लाइड सोडली की आकड्याला बुडाच्या कडेवरून उडी मारावी लागते. काडतूस नेहमी मॅगझिनमधूनच भरा. रिकाम्या चेंबरवर स्लाइड खाडकन सोडण्याचा शौकही नको. त्याने हॅमर-सिअरच्या धारा खराब होतात.

एवढे करून भागले नाही तरच रॅम्पकडे वळा. नळी मागे-खाली दाबून धरल्यावर नळीच्या रॅम्पची खालची कड फ्रेमच्या रॅम्पपासून साधारण ०.८ मिमी पुढे असावी. ती कड मागे सरकून फ्रेमच्या रॅम्पवर आली असेल तर गोळी तिथेच ठेचकाळते. हे मोजमापाचे काम आहे, पॉलिशचे नाही.

प्रश्न: खोलून परत जोडताना डाव्या बाजूला, स्लाइड स्टॉपखाली (स्लाइड मागे अडवून धरणाऱ्या खटक्याखाली) चंद्रकोरीसारखा ओरखडा पडला. कसा टाळायचा?

या ओरखड्याची चेष्टा जगभर होते, तेव्हा एकटे वाटून घेऊ नका. कारण असे: पिन आत गेल्यावर स्लाइड स्टॉपचा दांडा छोट्या प्लंजरला (स्प्रिंगवरच्या खुंटीला) मागे दाबून वर चढवावा लागतो. तो दांडा फ्रेमला टेकवून कमानीत फिरवला की रेघ उमटते. आधी भोकातून पाहून नळीच्या लिंकचे (नळीखालच्या हलत्या दुव्याचे) छिद्र जुळवा. पिन आत घाला, पण दांडा फ्रेमपासून जरा बाहेरच ठेवा. स्लाइडची लहान खाच दांड्यावर आणा. मग जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कोपऱ्याने प्लंजर मागे दाबा आणि दांडा सरळ आत ढकला. फ्रेमवर चिकटपट्टी लावली तर आणखी बरे.

खोलताना चष्मा घाला. बुशिंग फिरवताच रिकॉइल स्प्रिंगची टोपी गोळीसारखी उडते, तिच्यावर अंगठा हवाच. तेल बेताचे: दोन्ही रुळांवर एकेक थेंब, नळीच्या वरच्या खाचांवर, बुशिंगमध्ये घासणाऱ्या टोकाला, लिंकला आणि डिस्कनेक्टरच्या माथ्यावर. फायरिंग पिनचे भोक कोरडेच ठेवा, तिथल्या तेलात काजळी कालवली की चिखल होतो. शेवटी हात साबणाने, गार पाण्याने धुवा. काजळीत शिसे असते.

प्रश्न: रिकॉइल स्प्रिंग कधी बदलायची?

पाच इंचीत तीन हजार गोळ्यांच्या आसपास, साडेतीन इंचीत हजाराच्या आतबाहेर. पुंगळ्या नेहमीपेक्षा बऱ्याच लांब उडू लागल्या तर आकड्याची वाट पाहू नका. सोबत फायरिंग पिनची स्प्रिंगही बदला.

प्रश्न: ट्रिगर खूप हलका करून घ्यायचा आहे. दोन पौंड चालेल?

नेमबाजीच्या रेंजवरच राहणाऱ्या, जाणकाराने बसवलेल्या पिस्तुलात कमी वजन चालू शकते. एरवी चार ते पाच पौंड ठेवा. हॅमरची खाच जेमतेम अर्धा मिलिमीटर खोल असते आणि सारा ताण तिच्यावर. तिथे घरगुती कानस लागली की स्लाइड बंद होताना हॅमर तिच्या मागोमाग खाली येतो, किंवा एका ओढीत दोन गोळ्या सुटतात. तीन पात्यांची सिअर स्प्रिंग वाकवून वजन उतरवणे हेही त्याच वाटेवरचे. तसे एकदा जरी झाले तरी गोळीबार थांबवा, पिस्तूल रिकामे करा आणि कारागीर गाठा.

प्रश्न: चामड्याच्या होल्स्टरमध्येच कपाटात ठेवले होते. दोन महिन्यांत तांबेरा धरला.

चामडे ओलावा धरून ठेवते आणि ते कमावताना वापरलेली रसायने पोलादाला लागतात. होल्स्टर बाळगण्यासाठी आहे, साठवणीसाठी नाही. वरवरचा तांबेरा असेल तर तेलात भिजवलेली अगदी बारीक पोलादी लोकर हलक्या हाताने फिरवा, पुसा आणि तेलाचा पातळ हात द्या. खड्डे पडले असतील तर ते राहणारच. यापुढे पिस्तूल कुलूपबंद तिजोरीत, काडतुसे वेगळ्या कुलपात आणि आत सिलिका जेलची पुडी. पुडी दोन-तीन महिन्यांनी वाळवून घ्या. स्टेनलेस असले तरी यातून सुटका नाही, फक्त मुदत थोडी लांबते.