भूतानच्या बँकेचा अभ्यास करून नोकरी मिळेल का?

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र वाचलं. तुम्ही सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहात. मुलगी टीवायबीएला, विषय अर्थशास्त्र, आणि प्रकल्पाला तिनं भूतानची मध्यवर्ती बँक घेतली आहे. ‘एवढ्याशा देशाच्या बँकेचं शिकून पोरीला नोकरी कोण देणार? विषय बदलायला लावू का?’ असं तुम्ही विचारता.

अजिबात लावू नका. पोरीनं नेमका विषय धरलाय.

भूतानचा एक ङुल्त्रुम म्हणजे आपला एक रुपया, हा दर बांधलेला आहे. आपला रुपया तिथल्या बाजारातही चालतो. त्यामुळे तिथल्या रॉयल मॉनेटरी ॲथॉरिटीला, म्हणजे मध्यवर्ती बँकेला, व्याजदर मनाला येतील तसे हलवता येत नाहीत; हलवले तर पैसा सीमेपलीकडे ये-जा करेल आणि बांधलेला दर टिकणार नाही. माल मुख्यतः भारतातून जातो, म्हणजे महागाईही बरीचशी इथूनच जाते. मग 1982 साली ही संस्था काढली कशाला?

याचं उत्तर गंगाजळीत, म्हणजे परकीय चलनाच्या साठ्यात आहे. बांधलेला दर टिकवायचा तर गाठीशी रुपये लागतात. भारताला वीज विकून ते येतात, पण आयातीत त्याहून जास्त जातात. 2012 मध्ये रुपयांची इतकी टंचाई झाली, की घरबांधणी आणि गाड्यांची कर्जंच थांबवावी लागली. व्याजदर हातात नाही म्हटल्यावर कर्जालाच लगाम घालावा लागतो. तिथल्या संविधानातच लिहिलंय, की किमान वर्षभराच्या अत्यावश्यक आयातीला पुरेल इतकं परकीय चलन राखलं पाहिजे. मुलीला सांगा, बँकेच्या वार्षिक अहवालात गंगाजळीचा तक्ता काढ. त्यात रुपये वेगळे आणि डॉलरसारखी चलनं वेगळी दाखवतात. हे दोन आकडे वर्षावर्षानं शेजारी मांडले, की निम्मा प्रकल्प झाला. भारतासारख्या अवाढव्य देशात कशामुळे काय घडलं ते हुडकताना मोठे मोठे थकतात. इथं ते सरळ दिसतं. म्हणून मला हा विषय मनापासून आवडला.

आता नोकरीचं. भूतानमध्ये ती मिळेल असं धरू नका. अशा बँका बहुधा स्वतःच्या देशाच्याच नागरिकांना घेतात. पण आपली रिझर्व्ह बँक 2012 पासून सार्क देशांना चलन अदलाबदलीची, म्हणजे स्वतःचं चलन ठेवून तात्पुरतं दुसरं चलन घेण्याची सोय देते, म्हणजे हा विषय जाणणारी माणसं मुंबईतही लागतात. रिझर्व्ह बँकेत ग्रेड ‘बी’ अधिकारी होण्याचे तिच्यासाठी दोन रस्ते आहेत. सर्वसाधारण पदाला खुल्या गटात पदवीला 60 टक्के लागतात. आर्थिक व धोरण संशोधन विभागासाठी अर्थशास्त्रात एमए, 55 टक्क्यांनी. तुमच्या मुलीचा कल बघता मी दुसरा रस्ता सुचवेन. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा तिनं जरूर द्यावी. बीएला गणित, संख्याशास्त्र कमी झालं असेल, तर त्याची शिकवणी आजच लावा; अडतात मुलं ती तिथंच. वयाची मर्यादा साधारण 30 आहे, तेव्हा एमएची दोन वर्षं फुकट जातील ही काळजी सोडा.