ध्यानाला बसायचं ठरवते, पण बसणं होत नाही

प्रश्न : ताई, काही वर्षांपूर्वी मी दहा दिवसांचं मौन शिबिर केलं. रोज नऊ-दहा तास बैठक असायची. पहिले दिवस जड गेले, पण शेवटी इतकं शांत वाटलं की घरी गेल्यावर हे सोडायचं नाही असं पक्कं ठरवलं. सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा, असं सांगितलं होतं. सुरुवातीला बसले, मग हळूहळू सुटलं. आता आसन कपाटात आहे. सकाळी उठल्यावर आठवण होते आणि त्याच क्षणी दुसरं काहीतरी काम सुचतं. दिवसभर मग टोचणी लागून राहते. आधीसारखी शांतता आता मिळेल असंही वाटत नाही. मी मुळातच आळशी आहे का?

उत्तर : नाही. आळशी माणसाला कामं सुचत नाहीत. तुम्हाला तर बसायची वेळ झाली की घरभर कामं दिसायला लागतात. म्हणजे कष्टांना तुमची ना नाही. हातात काही न घेता स्वतःसोबत बसणं तेवढं नको वाटतं, आणि ते बहुतेकांना नको वाटतं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी माणसांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं नुसतं आपल्या विचारांबरोबर बसवलं. सोबत विजेचा सौम्य झटका देणारं एक बटण होतं. हाच झटका टाळायला आपण पैसेही देऊ, असं ही मंडळी आधी म्हणाली होती. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी सहा जणींनी तो स्वतःला देऊन घेतला. तुम्ही तर फक्त कपाट आवरायला घेता!

पतंजलींनी योगसूत्रांत साधनेतले नऊ अडथळे सांगितले आहेत. आळस त्यातला एक. पण तुमच्या पत्रात मला दुसरे दोन दिसतात. एक संशय, ‘आता ते मिळेल असं वाटत नाही’ हा. दुसरा यादीतला अगदी शेवटचा : गाठलेली अवस्था न टिकणं. इतक्या जुन्या काळी ही गोष्ट नेहमीच्या अडथळ्यांत धरली गेली, याचा मला फार आधार वाटतो. तुमच्या बाबतीत काही विपरीत घडलेलं नाही.

शिबिरातली शांतता आणि घरची बैठक यांची तुलना मात्र आजपासून थांबवा. तिथे घंटा वाजायची, शेजारी बसणारे असायचे, फोन जमा केलेला असायचा, स्वयंपाकाची काळजी दुसऱ्यांकडे होती. बसायचं की नाही हा प्रश्नच उरलेला नव्हता. घरी तो रोज नव्याने पडतो, आणि रोज सकाळी स्वतःशी वाद घालून जिंकणं कुणालाच जमत नाही. म्हणून आधी हा वाद संपवायचा.

तास विसरा. पाच मिनिटं बसा. हे सांगितलं की जुन्या साधकांना जरा लागतं, ‘एवढ्याने काय होणार?’ म्हणतात. पण मी आग्रहाने सांगते : पाच, आणि पाचच. गोडी लागली तरी उठायचं. बैठक कंटाळून संपली की दुसऱ्या दिवशी मन तेवढंच लक्षात ठेवून पाय मागे घेतं. अजून थोडं हवं होतं असं वाटताना उठलात, तर तेही लक्षात ठेवतं. आणि ‘सकाळी बसेन’ असं ठरवू नका, सकाळ फार मोठी असते. दात घासून झाले की, ब्रश जागेवर ठेवला की लगेच, असं एखाद्या रोजच्या कृतीला जोडून टाका. आसन कपाटातून बाहेर काढा आणि नजरेसमोर पसरूनच ठेवा. गुडघे दुखत असतील तर सरळ खुर्ची घ्या, त्यात काही कमीपणा नाही. फोन दुसऱ्या खोलीत, गजर लागेलच तर साध्या घड्याळाचा. घरच्यांनाही सांगून ठेवा, म्हणजे हाका येणार नाहीत.

आता तो बसण्याआधीचा क्षण. खरी अडचण तिथेच आहे. आसनापाशी उभ्या राहाल आणि आतून ‘आज नको’ येईल. त्याच्याशी भांडू नका, समजूतही घालू नका. त्याला घेऊनच बसा आणि शरीरात ते कुठे आहे ते पाहा. कुणाच्या घशाशी आवळल्यासारखं होतं, कुणाच्या पोटात खड्डा पडतो, कुणाचे हात काहीतरी धरायला शिवशिवतात. त्या जागेवर लक्ष ठेवून आठ-दहा श्वास जाऊ द्या. कधी ते विरतं, कधी तसंच राहतं. दोन्ही चालेल. मग नाकपुड्यांशी श्वास जाणवतो तिथे या. मन जाईलच. गेलंय हे ज्या क्षणी कळलं, तोच क्षण कामाचा. परत यायचं, एवढंच. पाच मिनिटांत वीस वेळा परत आलात तर ती बैठक वाया गेली असं मी अजिबात म्हणणार नाही.

आणि एखादा दिवस चुकला तर? २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात ९६ जणांनी एकेक लहानशी सवय लावून घ्यायला घेतली. ती अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस, तर कुणाला हिशेबाने २५४ दिवस लागतील असं दिसलं. मधला आकडा ६६. अधूनमधून एखादा दिवस हुकल्याने फारसं बिघडलं नाही. तेव्हा टोचणी लावून घेऊ नका. चुकलेली बैठक भरून काढायला दुप्पट वेळही बसू नका.

एक गोष्ट मात्र काळजीने सांगते. डोळे मिटल्यावर जीव घाबरत असेल, जुनं काही दुःखद अंगावर येत असेल, तर ती टाळाटाळ नव्हे आणि तिथे नेटाने बसायचंही नसतं. डोळे उघडे ठेवा, सावकाश चालत पावलांकडे लक्ष द्या, आणि मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. ध्यान नंतरही करता येईल.

प्रश्न : मी नेमाने बसतो, पण पाच मिनिटांत डुलकी लागते. काय करू?

उत्तर : आधी रात्रीची झोप पाहा. ती अपुरी असेल तर शरीर मिळेल तिथे वसूल करणारच, त्यावर ध्यानातला कुठलाही उपाय चालत नाही. झोप पुरेशी असेल तर जेवणानंतर लगेच बसणं टाळा, पाठ टेकू नका, डोळे अर्धे उघडे ठेवून नजर समोर जमिनीवर असू द्या. तरीही पेंग आलीच, तर उठून उभ्यानेच श्वास पाहा. एवढं करूनही फरक पडला नाही तर वेळ बदला. पहाटेच बसलं पाहिजे असं काही नाही. संध्याकाळी घरी आल्यावर, कपडे बदलून लगेच बसणाऱ्यांची बैठक मी छान जमलेली पाहिली आहे.