पोरीला पहिलीत कुठं घालू, महापालिकेच्या शाळेत का गल्लीतल्या इंग्लिश मीडियमला?

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टर कुपवाड एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर आहेत, घर भाड्याचं आणि गल्लीतल्या इंग्लिश मीडियमची फी ओढूनताणून भागेल. मी पण सांगलीचाच, मार्केट यार्डात हळदीच्या गोदामात कामाला, म्हणून सांगतो.

थोरल्याला मी तसल्याच शाळेत घातलेलं. टाय, बूट, डायरी, सगळं झकास. तिसरीत असताना त्याची वही बघितली तर पानंच्या पानं इंग्लिश, अक्षर मोत्यासारखं, म्हटलं पोरगं साहेब होतंय. समोर बिस्किटाचा पुडा होता, त्याच्यावरचं वाच म्हटलं तर त त प प. फळ्यावरचं नुसतं चित्र काढल्यागत उतरवत होता, आणि मराठी पण धड येईना! चौथीला महापालिकेच्या शाळेत टाकला, तिथल्या बाईंनी न लाजवता बाराखडीपासनं घेतलं, दिवाळीपर्यंत वाचायला लागला. पण धाकटीच्या वेळी त्याच शाळेत दोन वर्गांना मिळून एकच मास्तर उरलेले, मग तिला खासगी अनुदानित शाळेत घातली, तिथं मास्तरांचा पगार सरकार देतं, आणि सेमी आहे म्हणजे गणित-विज्ञान इंग्लिशमधनं. हा पर्याय लोक विसरूनच जातात.

आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या मोफत जागेचा फॉर्म मात्र भराच. विनाअनुदानित शाळेत सुरुवातीच्या वर्गाच्या २५ टक्के जागा असतात, नंबर लॉटरीनं लागतो. उत्पन्न वर्षाला १ लाखाच्या आत पाहिजे, एससी-एसटीला ती अट नाही. भाडेकरार नोंदणी केलेला लागतो, साध्या स्टॅम्पवरचा चालत नाही, आमचं तिथंच अडलं. २०२४ ला सरकारनं १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर खासगीला या जागा देण्यातनं सूट दिलेली, पण हायकोर्टानं जुलैत ते रद्द केलं. फक्त ही मोफत जागा आठवीपर्यंतच, नववीला फी अंगावर येते, तेवढं आत्ताच धरून चाला.

गल्लीतल्या शाळेत जाणारच असाल तर यू-डायस नंबर, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा नंबर, आणि मान्यतेचा कागद मागा, नाहीतर दाखल्याच्या वेळी बोंब. आणि शाळा सुटायच्या टायमाला गेटवर थांबून दुसरीतलं एखादं पोरगं गाठा, पुस्तकातलं नको, दुकानाच्या पाटीवरचं वाचायला लावा. व्हॅनवाल्याला पण विचारा, कुठल्या शाळेतली पोरं गळाली ते त्याला हेडमास्तरांच्या आधी कळतं.