छाती उघडण्याआधी

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. गॉलब्लॅडरच्या एका बाईची केस, मेडिसिनवाल्यांनी, म्हणजे फिजिशियननी, मर्मर (हृदयातला जादा आवाज) ऐकला म्हणून ऑपरेशनला फिटनेस दिला नाही, आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करा म्हणाले, लिस्टमधून नाव गेलं आणि तू भडकलीस. वर लिहितेस, सर तुमच्या काळी सर्जनला कसलं स्वातंत्र्य होतं, लोक धडधडत्या हृदयात बोट घालायचे आणि आता साध्या केसला दहा सह्या. हसू आलं, थोडा रागही आला, कारण ही गोष्ट तू अर्धीच ऐकलीयेस आणि बहुतेक सर्जनच्याच तोंडून ऐकलीयेस.

मायट्रल स्टेनोसिसचंच घे, हृदयाच्या डाव्या बाजूचा मायट्रल वॉल्व (झडप) आखडून अरुंद होतो तो आजार. तुम्ही आता मांडीतून बलून घालता आणि पेशंट लगेच वॉर्डात परत. आम्ही हाऊसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, होतो तेव्हा क्लोज्ड वॉल्वोटॉमी असायची, चालत्या हृदयात न बघता वॉल्व मोकळा करायचा. वीस-बावीस वर्षांच्या बायका, बऱ्याचदा गरोदर, सहाव्या-सातव्या महिन्यात दम लागून यायच्या, उताणं झोपता यायचं नाही, रात्रभर खाटेवर उशी कवटाळून बसलेल्या, थुंकीत रक्त. डावी छाती उघडायची, ऑरिकलच्या (वरच्या कप्प्याच्या) अपेंडेजला, म्हणजे कानासारख्या पिशवीला, क्लॅम्प, भोवती पर्सस्ट्रिंगचा टाका, मग टोक कापून क्षणभर क्लॅम्प सैल सोडायचा आणि रक्ताची एक चिळकांडी बाहेर जाऊ द्यायची, म्हणजे आत गुठळी असलीच तर ती बाहेर येईल, मेंदूत जाणार नाही, आणि मग बॉसची तर्जनी आत. हृदय चालूच! हार्ट-लंग मशीन नाही, इको तर नाहीच नाही. बोटाला तो वॉल्व लागायचा, शर्टाच्या काजाएवढी फट, ती बोटाने फाटली तर ठीक, नाहीतर डाव्या वेंट्रिकलच्या (खालच्या कप्प्याच्या) टोकातून टब्ज डायलेटर, म्हणजे वॉल्व रुंदावणारं हत्यार, घालायचा आणि तेवढा वेळ अनेस्थेटिस्ट मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या कॅरोटिड रक्तवाहिन्या दाबून धरायचा. आतलं खरं काम काही मिनिटांचं. भारी वाटतं ऐकायला, आणि भारी होतंच, मी कुठे नाही म्हणतोय.

पण हे ऑपरेशन 1925 सालीच होऊन गेलं होतं हे तुला कोणी सांगितलंय? लंडन हॉस्पिटलमध्ये हेन्री सूटार नावाच्या सर्जनने एका तरुण मुलीच्या हृदयात असंच बोट घातलं, वॉल्व मोकळा केला, मुलगी बरी होऊन घरी गेली. त्यानंतर त्याने हे ऑपरेशन परत कधीच केलं नाही. पुढे कित्येक वर्षांनी त्याने स्वतः लिहून कळवलं की दुसरी केसच मिळाली नाही, फिजिशियन म्हणाले हा सगळा मूर्खपणा आहे. त्या वेळी सर जेम्स मॅकेन्झी या हृदयविकारांच्या फिजिशियनचा दबदबा होता, दोष हृदयाच्या स्नायूत आहे, वॉल्वमध्ये नाही, हे त्यांचं मत, मग वॉल्व उघडून फायदा काय? झालं, 23 वर्षं वाया. किती तरुण माणसं त्यात गेली असतील कोण जाणे.

आता तू म्हणशील, बघा, फिजिशियन आडवे येतातच. थांब जरा.

सूटारच्या दोनच वर्षं आधी, 1923 मध्ये, बॉस्टनला इलियट कटलरने एका बारा वर्षांच्या मुलीचा वॉल्व कापला होता. त्याच्या बाजूला सॅम्युअल लेव्हाइन हा फिजिशियन उभा होता, म्हणजे सहकार्य होतं, आणि ती पोरगी साडेचार वर्षं जगली. पण पुढे कटलरने वॉल्वचा तुकडाच काढायचं हत्यार बनवलं, स्टेनोसिस गेला आणि त्याजागी बेफाम गळती आली, पेशंट पटापट गेले. मला कटलर आवडतो तो वेगळ्याच कारणासाठी. 1929 मध्ये त्याने आणि त्याचा सहकारी बेकने सगळ्या केसेस, मेलेल्यांसकट, छापल्या आणि काम थांबवलं. तुमच्या कॉन्फरन्समध्ये असा पेपर कोणी वाचतं का? मी तरी फार ऐकले नाहीत.

मग 1948. फिलाडेल्फियाचा चार्ल्स बेली, याचे वडील याच आजाराने गेलेले, हा बारा वर्षांचा असताना. त्याचे पहिले तीन पेशंट गेले होते, कुजबुज सुरू झाली होती, हॉस्पिटलं दारं बंद करायला लागली होती. 10 जूनला त्याने एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या हॉस्पिटलांत दोन केसेस लावल्या, हेतू हा की सकाळचा पेशंट गेला तरी बातमी पोचून कोणी अडवायच्या आत दुपारची केस होऊन जावी. सकाळचा गेलाच. दुपारची 24 वर्षांची बाई वाचली, आणि आठवडाभरात तो तिला ट्रेनने शिकागोला घेऊन गेला, कॉन्फरन्समध्ये दाखवायला. यालाच तू स्वातंत्र्य म्हणतेस ना? माणसांवरच्या प्रयोगांना त्यांची संमती हवी असं सांगणारा न्यूरेंबर्ग कोड येऊन वर्षही झालं नव्हतं. बेली बरोबर होता हे आपण आज म्हणतो कारण दुपारची बाई वाचली. तीही गेली असती तर? मला याचं उत्तर आजपर्यंत नीट देता आलेलं नाही, आणि ज्यांना ते झटकन देता येतं त्यांच्यावर माझा फारसा विश्वास नाही.

सहाच दिवसांनी बॉस्टनला ड्वाइट हार्कन. हा माणूस महायुद्धात इंग्लंडमध्ये होता, जखमी सैनिकांच्या छातीतून त्याने गोळ्या-बॉम्बचे 134 तुकडे काढले, त्यातले 13 थेट हृदयाच्या कप्प्यांतले, आणि एकही सैनिक दगावला नाही. एवढा हात असून मायट्रलच्या पहिल्या दहा पेशंटांत सहा गेले! हात तोच होता ना? पण ती धडधाकट पोरं होती आणि ही फुप्फुसात पाणी भरलेली, वर्षानुवर्षं खंगलेली माणसं. हार्कन सोडूनच देणार होता. त्याला परत उभं केलं ते लॉरेन्स एलिस या कार्डिऑलॉजिस्टने, आणि पुढच्या केसेसही त्यानेच पाठवल्या.

आपल्याकडे पन्नाशीच्या दशकात हे काम उभं राहिलं, वेल्लोरला रीव्ह बेट्सनी 1949 मध्ये छातीच्या सर्जरीचा विभाग काढला होता, मुंबईत केईएमला डॉ. पी. के. सेन. पण आपले पेशंट तिकडच्यासारखे नव्हते. 1963 मध्ये दिल्लीच्या डॉ. सुजॉय रॉय यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की भारतात वीस वर्षांखालच्या पोरांनाही घट्ट मायट्रल स्टेनोसिस होतो, जे तिकडच्या पुस्तकांत जवळजवळ नव्हतंच. हे ज्याने ओळखलं तो फिजिशियन होता बरं का. कोणाची छाती उघडायची आणि कोणाची नाही हे स्टेथोवर ठरायचं. हृदयाचा पहिला आवाज ठणठणीत आहे, ओपनिंग स्नॅप (वॉल्व उघडतानाचा टक् आवाज) आहे, म्हणजे वॉल्व अजून लवचिक, बोटाने उघडेल. स्नॅप लवकर येतोय म्हणजे जास्त घट्ट. आवाज मऊ, स्नॅप गायब, तर कॅल्शियम साचलंय, बोट घालशील तर गळतीच करशील. मेडिसिनचे सर पेशंटला डाव्या कुशीवर वळवून, चार उठाबशा काढायला लावून, स्टेथोची बेल टेकवून पाच-पाच मिनिटं ऐकत बसायचे आणि आम्ही मागे घड्याळ बघत उभे. त्या पाच मिनिटांनी जेवढे जीव वाचले तेवढे आमच्या तर्जनीने नाही, हे मला जरा उशिराच पटलं.

आणि सह्यांबद्दल म्हणशील तर तेव्हा फॉर्मवर सही नवऱ्याची नाहीतर सासऱ्याची असायची. जिची छाती उघडायची तिला बरेचदा कोणी काही विचारायचंच नाही.

म्हणून फोनवर वाद घालू नकोस. त्या फिजिशियनला गाठ, दोघं मिळून बाईच्या खाटेपाशी जा आणि तुम्हाला नक्की काय ऐकू आलं ते मलाही ऐकवा म्हण. लहानपणी सांधे सुजले होते का ते तिला विचार, पोरांना कधी तसं झालंय का तेही विचार. कोणाला रुमॅटिक फीव्हर, म्हणजे ज्यातून हा वॉल्वचा आजार होतो तो ताप, होऊन गेलेला निघाला तर पेनिड्युअर (पेनिसिलिनचं इंजेक्शन) चालू आहे की मध्येच सुटलंय ते बघ, मोठ्यांना 12 लाख युनिट, दर 21 दिवसांनी, बहुतेकांचं सुटलेलंच असतं. इको होईलच, तू त्याच्या आधी तुझं निदान कागदावर लिहून ठेव.

पुढच्या महिन्यात मी मुंबईत येतोय. तुमच्या मेडिसिनच्या सरांना विचारून ठेव, सकाळच्या राऊंडला एक म्हातारा सर्जन मागे उभा राहिला तर चालेल का.

तुझा,
सर