दुकानाच्या पाटीला जाड स्लॅब सेरिफ चालेल का?

तुम्ही विचारलंय की हार्डवेअरच्या दुकानाची पाटी, कापडी पिशवी आणि बिलबुक या तिन्हींवर इंग्रजी नाव ‘अल्फा स्लॅब वन’ या स्लॅब सेरिफ फॉन्टमध्ये (म्हणजे टोकांना जाड आडवे पाय असलेल्या अक्षरांत) घ्यावं का, ते काउबॉय सिनेमासारखं तर दिसणार नाही ना, आणि मराठी नावाला कोणता फॉन्ट जोडावा.

पाटीला बिनधास्त घ्या, पिशवीलाही. बिलबुकावर मात्र फक्त वरचं मोठं नाव त्यात ठेवा. पत्ता, जीएसटी क्रमांक, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे सगळं साध्या फॉन्टमध्ये. हा फॉन्ट मोठ्या मापाला आणि दोन-तीन शब्दांना आहे. सोनी, होंडा, व्होल्वो यांची नावं याच जातीच्या अक्षरांत आहेत आणि तिन्ही एका दमात वाचून होतात.

काउबॉयची भीती सोडा. त्या पोस्टरांवरच्या अक्षरांत उभ्या दांड्यापेक्षा वरखालचे आडवे पाय जाड असतात, म्हणजे जाडीचा हिशोबच उलटा. तुमच्या फॉन्टमध्ये भार दांड्यावर आहे, आणि पाय दांड्याला काटकोनात मिळतो. हे वळण लंडनचं. तिथल्या व्हिन्सेंट फिगिन्स या अक्षर-ओतकाराने १८१५ च्या सुमारास असे छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, विकायला काढले. तेव्हा जाहिराती भिंतींवर चढत होत्या आणि पुस्तकी अक्षरं नुसती मोठी करून भागत नव्हतं, कारण त्यातल्या बारीक रेषा लांबून दिसेनाशा व्हायच्या. म्हणून पायही जाड केले. पुढे १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने लाकडी खिळे यंत्रावर कोरायला सुरुवात केली आणि शिशात जे फार जड व महाग पडे ते हातभर अक्षर स्वस्त झालं. १८४५ चा ‘क्लॅरेंडन’ त्याच कुळातला, पण त्यात पाय आणि दांड्याच्या सांध्याला गोलाई आहे, त्यामुळे तो जरा मवाळ दिसतो. बेकरी असती तर मी तोच सुचवला असता. पाने, पकडी, खिळे-मोळे विकणाऱ्या दुकानाला काटकोनच शोभतो.

आता नेहमी घडणारा घोटाळा. पाटी लांबट असते म्हणून ऑपरेटर नाव माउसने आडवं ताणतो. दांडे फुगतात, पाय होते तेवढेच राहतात, आणि ज्यासाठी फॉन्ट घेतला ती जाडीची जोडीच मोडते. उभं ताणलं तर आणखी वाईट: पाय जाड होतात आणि तुम्हाला नको असलेला काउबॉय घरचाच तयार होतो. जागा उरली तर अक्षरांतलं अंतर थोडं वाढवा. या अक्षरांना ते सोसतं, उलट फार जवळ आणली तर शेजारच्या अक्षरांचे पाय एकमेकांना चिकटतात. अॅक्रिलिकची सुटी अक्षरं कापून लावणार असाल तर हे आधीच बघा. दुसरं, बोल्डचं बटण दाबू नका. या फॉन्टला एकच वजन, म्हणजे जाडीची एकच पायरी आहे. बटण दाबलं की सॉफ्टवेअर बाहेरून खोटी जाडी चढवतं आणि आतल्या पोकळ्या बुजतात.

पोकळ्यांचा प्रश्न पिशवीवर जास्त येतो. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये शाई कापडावर थोडी पसरतेच, आणि लहान लिपीतले ‘ए’, ‘ई’, ‘एस’ आधीच आतून अरुंद आहेत. नाव सगळं कॅपिटलमध्ये घ्या आणि ऑर्डर देण्याआधी त्याच कापडावर, खऱ्या मापात एक नमुना काढून मागा.

मराठीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेक पाट्या इथेच फसतात. अल्फा स्लॅबमध्ये देवनागरी नाही. त्यात मराठी टाइप केलं तर संगणक गुपचूप दुसराच फॉन्ट उचलतो. मग काही जण पाय असलेली देवनागरी शोधत बसतात. ती शोधू नका. आपल्या अक्षरांना बांधून ठेवायचं काम शिरोरेषा करते, खाली पाय चिकटवले तर काना अडखळल्यासारखा दिसतो. जुळवायची ती रेषेची जाडी. ‘रोझा वन’ ठसठशीत आहे, पण त्यात जाड-बारीक फरक फार, शेजारी विसंगत वाटेल. ‘बालू’ गोलसर आणि हसरा, हार्डवेअरला नको. ‘मुक्ता’ माझा आवडता, पण त्याचं सर्वांत जाड वजनही इथे हलकं पडतं. ‘पॉपिन्स ब्लॅक’ लावून बघा: रेषा जवळपास एकसारखी आणि जाडी पुरेशी. फक्त ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतायत ना हे तपासा, बरेच फॉन्ट हिंदी वळण देतात.

मापही डोळ्यांनीच ठरवा. मात्रा-वेलांट्यांना वर आणि उकारांना खाली जागा सोडावी लागते, त्यामुळे दोन्हीकडे सारखाच आकडा टाकला तर मराठी सहसा लहान दिसते. शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची इंग्रजी कॅपिटलइतकी तरी हवी. मी थोडी जास्तच ठेवतो. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर पाटीवरचं मराठी नाव इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही, आणि लहान दुकानांनाही त्यातून सूट नाही. इतक्या जाड इंग्रजीशेजारी मराठी मापाने बरोबरीची असूनही दबलेली दिसू शकते, म्हणून ती वर घ्या आणि रुंदीही तिलाच जास्त द्या. फाइल पाठवताना दोन्ही नावं कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार बनवून पाठवा, नाहीतर पाटीवाल्याकडे फॉन्ट नसेल तर जोडाक्षरं सुटी होऊन येतील.