पाच पूल काढलेत, त्यातले दोन जास्तीचे आहेत

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ऑर्डर येण्यापासून माल पोहोचेपर्यंतचं काम तुम्ही बीपीएमएनमध्ये, म्हणजे कामाचा प्रवाह आकृतीत दाखवायच्या ठरावीक चिन्हांच्या पद्धतीत, काढताय. ग्राहक, विक्री, गोदाम, लेखा आणि कुरिअर कंपनी या पाच जणांसाठी पाच पूल (मोठ्या चौकटी) केलेत. आता विक्रीच्या टास्कपासून (म्हणजे कामाच्या पायरीपासून) गोदामाच्या टास्कपर्यंत अखंड रेषेचा बाण ओढला की टूल तो मुकाट्याने तुटक रेषेचा करून टाकतं. टूल चुकतंय की तुम्ही, आणि मुळात पूल कुणाला द्यायचा नि लेन कुणाला?

टूल बरोबर आहे. बाणातही तुमची चूक नाही, चूक त्याआधी पूल आखतानाच झाली. कंपनीच्या विभागांची यादी समोर ठेवून प्रत्येकाला एक चौकट देणं, सुरुवात सगळे अशीच करतात. माझ्या पहिल्या आकृतीत सात पूल होते आणि त्यातले पाच एकाच मजल्यावर बसायचे.

आधी नावाचा घोळ मिटवू. हा पूल नदीवरचा नव्हे, पोहण्याचा तलाव. लेन म्हणजे त्या तलावात दोऱ्या बांधून आखलेल्या पट्ट्या. मराठीत हा शब्द फसवतो, कारण दोन काठ जोडण्याचं काम हा पूल अजिबात करत नाही. उलट, एका पुलातून दुसऱ्यात जायला वाटच नसते.

हे नीट समजायला एक सोंगटी डोळ्यांसमोर आणा. बीपीएमएनमध्ये तिला टोकन म्हणतात. ऑर्डर आली की सुरुवातीच्या वर्तुळातून एक सोंगटी निघते आणि अखंड बाणांवरून, म्हणजे सीक्वेन्स फ्लोवरून, एकेक टास्क करत शेवटच्या वर्तुळापर्यंत जाते. लेनच्या रेषा ती हव्या तितक्या वेळा ओलांडते. पुलाची कड मात्र ती कधीच ओलांडत नाही. दोन पुलांमध्ये जाते ती फक्त चिठ्ठी, म्हणजे मेसेज फ्लो: तुटक रेषा, सुरुवातीला पोकळ गोल आणि टोकाला पोकळ बाण. याच्या उलट नियमही तितकाच कडक आहे, एकाच पुलाच्या आत मेसेज फ्लो चालत नाही. चिठ्ठी पोहोचली की पलीकडे एखादी नवी सोंगटी निघते, किंवा चिठ्ठीची वाट बघत थांबलेली पुढे सरकते. पण ती सोंगटी पलीकडची, तुमची नव्हे.

म्हणून पूल की लेन हे ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो: याच्या पुढच्या पायरीवर माझा हुकूम चालतो, की मी फक्त निरोप पाठवून वाट बघू शकतो? विक्रीने ऑर्डर पक्की केली की गोदामाने माल काढायचा, हे कंपनीनेच ठरवलेलं आहे. गोदाम 'बघतो, जमलं तर' असं म्हणू शकत नाही, निदान कागदावर तरी नाही. म्हणजे विक्री, गोदाम आणि लेखा या एकाच पुलातल्या तीन लेन. ग्राहकाला मात्र तुम्ही पैसे भरायची विनंतीच करू शकता, तो भरेल, विसरेल किंवा गप्प बसेल. कुरिअर कंपनीचंही तसंच, पार्सल तिच्या हाती दिल्यावर तिच्या आत काय चालतं ते तुम्ही ठरवत नाही. हे दोन वेगळे पूल. एकूण तीन.

ग्राहकाचा पूल रिकामा ठेवा. आत एकही टास्क नाही, नुसती नाव लिहिलेली आडवी पट्टी. याला ब्लॅक बॉक्स पूल म्हणतात, आणि मेसेज फ्लो सरळ त्याच्या कडेला टेकवला तरी चालतो. नवशिक्यांना रिकामी चौकट बघवत नाही, मग ते तिच्यात 'ग्राहक विचार करतो', 'ग्राहक तुलना करतो' असलं काहीबाही भरतात. ग्राहक विचार करतो की नाही हे तुम्हाला ठाऊक नाही आणि या आकृतीला त्याची गरजही नाही.

'पण मी तर ग्राहकाला लेनमध्ये दाखवलेल्या कितीतरी आकृत्या पाहिल्यात,' असं तुम्ही म्हणाल. असतीलच. पट्ट्यांच्या आकृत्या बीपीएमएनपेक्षा जुन्या आहेत. १९९०च्या सुमारास गीअरी रमलर आणि अ‍ॅलन ब्रॅश यांनी त्या रूढ केल्या. त्यांत नुसत्या लेन असतात आणि सगळ्यात वरची लेन बहुधा ग्राहकाचीच. काम कुणाच्या हातून कुणाच्या हाती जातं एवढंच तिथे दाखवायचं असतं, त्यामुळे त्या पद्धतीत ते चूक नाही. बीपीएमएनची २.० आवृत्ती ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०११च्या जानेवारीत आणली आणि २०१३मध्ये ती आयएसओ मानक झाली. तिच्यात सोंगटीचे नियम काटेकोर आहेत, कारण आकृती यंत्राला चालवता यावी हाही तिचा हेतू आहे. जुनी सवय नव्या चिन्हांत घेऊन गेलं की तुम्ही अडकलात तसं अडकायला होतं.

ग्राहकाला लेनमध्ये टाकल्याने काय बिघडतं, हे मी एकदा महागात शिकलोय. तेव्हा मी जिथे काम करायचो तिथे ऑर्डरच्या आकृतीत ग्राहकाची लेन केली आणि तिच्यात 'पैसे भरतो' अशी टास्क ठेवली. तिच्यात शिरणारा एक बाण, बाहेर पडणारा एक बाण. देखणं दिसत होतं, बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या, त्यावरून प्रणाली बांधली गेली. काही आठवड्यांनी गोदामातून तक्रार आली की माल फळीवर दिसतोय पण विकता येत नाही. पैसे न भरलेल्या ऑर्डरी तशाच उघड्या होत्या आणि त्यांच्या नावावर माल अडकून पडला होता. ग्राहकाने पैसे भरलेच नाहीत तर काय, हा प्रश्न आकृती बघताना एकालाही सुचला नव्हता, कारण मी ग्राहकाला आमच्या कर्मचाऱ्यासारखं रांगेत उभं केलं होतं. कर्मचारी काम करतो, असंच आपण गृहीत धरतो.

वेगळा पूल केला की हा प्रश्न आपोआप पुढे येतो. चिठ्ठी पाठवली, मग उत्तराची वाट बघणं आलं, आणि वाट बघणं आलं की किती दिवस, हेही आलं. त्यासाठी इव्हेंट-बेस्ड गेटवे आहे. गेटवे म्हणजे वाटा जिथे फुटतात किंवा जुळतात तो चौकोन; या प्रकारात पुढे काय घडतं यावर वाट ठरते. त्याच्या एका फांदीवर 'पैसे मिळाले' हा मेसेज इव्हेंट, दुसरीवर टायमर. जे आधी घडेल त्या वाटेने सोंगटी जाते, दुसरी वाट बंद होते. टायमरच्या वाटेवर स्मरणपत्र पाठवा, नाहीतर ऑर्डर रद्द करून माल मोकळा करा. माझ्या त्या आकृतीत एवढंच नव्हतं.

चिठ्ठीने सोंगटी ओढली जात नाही, हेही पक्कं लक्षात ठेवा. काही जण टास्कमध्ये फक्त मेसेज फ्लो आणतात, सीक्वेन्स फ्लो आणतच नाहीत, आणि वाटतं की निरोप आला की टास्क सुरू होईल. तपासायचा सोपा उपाय: बाकीचे पूल हाताने झाका. उरलेला पूल सुरुवातीच्या वर्तुळापासून शेवटच्यापर्यंत एकट्याने वाचता आला पाहिजे. मध्येच वाट तुटली, तर तिथे तुम्ही चिठ्ठीकडून बाणाचं काम करून घेताय.

आता अपवाद, आणि खरी मजा इथेच आहे. आपल्याच कंपनीतल्या विभागाला वेगळा पूल द्यावा लागतो असं कधी होतं का? होतं. तुमचा लेखा विभाग प्रत्येक ऑर्डरचं वेगळं बिल करतो की महिन्याच्या शेवटी एका ग्राहकाच्या सगळ्या ऑर्डरींचं मिळून एक? पहिला प्रकार असेल तर लेखा लेनमध्येच राहील. दुसरा असेल तर हिशेब बसत नाही. समजा महिन्याभरात ४० ऑर्डरी आल्या. विक्री-गोदामाच्या पुलात ४० सोंगट्या फिरून गेल्या. बिलाची सोंगटी मात्र एकच आहे. ४० सोंगट्या लेखाच्या लेनमध्ये शिरल्या तर 'मासिक बिल करा' ही टास्क ४० वेळा होईल. त्यांना एकत्र गोळा करणारा गेटवेही कामाचा नाही, कारण गेटवे एकाच ऑर्डरीच्या फुटलेल्या वाटा जुळवतो, वेगवेगळ्या ऑर्डरी नाही.

अशा वेळी मासिक बिलिंगला स्वतःचा पूल द्या. तो ऑर्डरीने सुरू होत नाही, महिनाअखेरीच्या टायमर स्टार्ट इव्हेंटने, म्हणजे वेळ झाली की सोंगटी सोडणाऱ्या सुरुवातीच्या वर्तुळाने, होतो. ऑर्डरीचा पूल 'माल रवाना झाला' अशी नोंद डेटा स्टोअरमध्ये, म्हणजे नोंदींच्या साठ्यात, करतो आणि बिलिंगचा पूल महिनाअखेरीला तिथूनच उचलतो. विभाग तोच, माणसंही तीच, तरी पूल वेगळा, कारण दोन्ही कामांचा ठोका वेगळा आहे. हुकूम चालतो का, या प्रश्नाला जोडून म्हणूनच मी दुसराही विचारतो: यांच्या एका फेरीला माझी एकच फेरी लागते का? एकास एक जुळत नसेल तर एकाच छताखालचे लोकही वेगवेगळ्या पुलांत जातात.

लेनबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण मानकाने त्यांचा अर्थ मुद्दामच मोकळा सोडलाय. विभाग, भूमिका, प्रणाली, काहीही चालतं आणि लेनमध्ये पोटलेनही करता येते. फक्त एका आकृतीत सरमिसळ नको: एक लेन 'गोदाम', दुसरी 'व्यवस्थापक' आणि तिसरी 'संगणक' असं केलं की गोदामाचा व्यवस्थापक संगणकावर जे करतो ते कुठे ठेवायचं यावर अर्धा तास जातो. माणसाचं नाव तर लेनला कधीच देऊ नका. स्वतःच्या सॉफ्टवेअरसाठी मी वेगळी लेन करत नाही, टास्कच्या कोपऱ्यात दातेरी चाकांचं चिन्ह असलं की ती सर्व्हिस टास्क, म्हणजे सॉफ्टवेअरने आपोआप करायची पायरी, आहे हे कळतं. पैसे घेणारी बाहेरची सेवा असेल तर तिला ब्लॅक बॉक्स पूल.

अजून एक गैरसमज: काम कुणाकडे जाणार हे लेन ठरवते. आकृती ज्यात साठवली जाते त्या एक्सएमएल फाइलमध्ये लेन म्हणजे तिच्यात कोणकोणत्या टास्क पडतात याची निव्वळ यादी असते. आकृती चालवणारं इंजिन काम कुणाला द्यायचं ते टास्कवर नेमलेल्या व्यक्तीवरून किंवा गटावरून बघतं. टास्क 'गोदाम' लेनमध्ये सरकवली आणि तिच्यावरची नेमणूक विक्रीचीच राहिली, तर काम विक्रीकडेच जाईल. गेटवे कुठल्या लेनमध्ये आहे यानेही काही ठरत नाही. गेटवे निर्णय घेत नाही, आधी घेतलेला निर्णय वाचून वाट दाखवतो. 'साहेबांनी मंजुरी दिली का?' असा चौकोन साहेबांच्या लेनमध्ये ठेवलात तरी त्याआधी 'मंजुरीचा निर्णय घ्या' ही टास्क तिथे हवीच.

नावांचं म्हणाल, तर आतली प्रक्रिया दिसणाऱ्या पुलाला मी प्रक्रियेचं नाव देतो, 'ऑर्डर पूर्तता' असं, आणि रिकाम्या पुलाला पक्षाचं, म्हणजे 'ग्राहक' किंवा 'कुरिअर कंपनी'. हा नियम नाही, माझी सवय आहे. दर मागवायला एकाच वेळी अनेक कुरिअर कंपन्यांना निरोप जाणार असेल तर प्रत्येकीला पूल नको. एकाच पुलाच्या तळाशी तीन उभ्या रेषांचं चिन्ह टाका, म्हणजे असे अनेक आहेत असा अर्थ होतो.

आता तुमची फाइल. गोदाम आणि लेखाचे पूल काढून विक्रीच्या पुलात त्या दोन लेन जोडा, टास्क तिथे हलवा. लेखाचं मात्र आधी विचारून घ्या, बिल दर ऑर्डरीला होतं की महिनाअखेरीला. महिनाअखेरीला होत असेल तर त्याचा पूल राहू द्या. टास्क हलवल्यावर आधीचे तुटक बाण अखंड झालेत का ते बघा. झाले नसतील तर पुसून नव्याने ओढा. आणि जुन्या पुलांतली सुरुवातीची नि शेवटची वर्तुळं काढायला विसरू नका. एका पुलात तीन सुरुवातीची वर्तुळं राहिली तर त्यांतल्या कुठल्याही एकापासून नवी ऑर्डर सुरू होऊ शकते असा त्याचा अर्थ होतो, आणि मग ग्राहकाने काहीच मागवलेलं नसताना गोदामातून माल निघायला लागेल.